तात्पुरतं

राजाक्का मगदूम यांची गाडी
टेम्पोतून उतरवली तेव्हा पुढच्या चाकात वाळू होती,
टेंबलाईच्या उतारावर कुणाचं तरी बांधकाम चाललंय, तिथली.
मागून त्या रिक्षानं आल्या.
डावं मनगट प्लास्टरमध्ये,
उजव्या मुठीत गाडीची किल्ली घट्ट,
सोडली तर परत पळेल अशी.

म्हणाल्या, मी पीळ दिलाच न्हाई ओ.
मूठ सोडली हुती. तरी पळाली.
ब्रेक दाबला, तर ब्रेकशीच भांडत पळाली.

उद्यमनगरातलं हे दुकान
वडिलांच्या वेळी ऑइल इंजिनांचं.
ते कानानं दुरुस्ती करायचे.
बेअरिंग जायच्या आधी आठवडाभर कुरकुरतं,
बिडाला चीर गेली की आवाज बद्द येतो.
लोखंड सांगून मोडतं, म्हणायचे.
माझी गाठ पडते ती मंडळी
नखाएवढी, काळी, बोर्डावर पाय चिकटवून बसलेली;
सकाळी धडधाकट, दुपारी गेलेली,
मधे साधा हुंकार नाही.

मीटर लावला.
मुठीतून तीन वायरी येतात. लाल, हिरवी, काळी.
हँडल वळून वळून काळी आतल्या आत तुटलेली,
वरचं रबर शाबूत,
बोटात धरून वाकवली तेव्हा कुठं कळलं.
काळी म्हणजे जमीन. शून्य तिच्यापासून मोजायचं.
ती गेली, तसा मुठीतला सेन्सर
गप्प बसायच्या ऐवजी वर चढला
आणि स्वस्तातल्या कंट्रोलरनं ऐकलं: पळ.
पायाखालची जमीन गेली की माणूसही ओरडतोच.
पण प्रत्येक ओरडणं हुकूम नसतं,
एवढं शहाणपण त्या डबीत कुणी घातलं नव्हतं.
चाळीसएक रुपये वाचले असतील.

इथवर सगळा दोष लांबचा होता.
कुठल्या तरी कारखान्यातला, कुठल्या तरी देशातला.
मी मनातल्या मनात बिल लिहायला लागलो होतो.

मग ब्रेकच्या लिव्हरपासून वायर धरत मागं आलो.
ब्रेक दाबला की मोटरचा करंट तोडते ती.
कनेक्टर सुटलेला नव्हता,
सोडवलेला होता.
टोकाला काळी टेप, दोन वेढे,
आणि शेवट दुमडलेला, पुन्हा काढायला सोपा जावा म्हणून.
अशी टेप या गावात एकच माणूस दुमडतो.

श्रावण होता. स्विचात पाणी, गाडी जागची हलेना.
त्यांना सीपीआरला रात्रपाळी गाठायची होती.
नवा स्विच यायला आठ दिवस.
चालतंय की ओ, मी म्हणालो होतो, तात्पुरतं.
पैसेसुद्धा घेतले नव्हते.
त्याचा जरा अभिमानच वाटला होता तेव्हा.

वडिलांनी एका पोराच्या कानाखाली वाजवली होती एकदा,
गव्हर्नर काढून इंजिन पळवलं म्हणून.
ते पोर मी.

चालू हुईल न्हवं? राजाक्का विचारतात.
होईल, म्हणतो.
मग बाकीचंही सांगतो. टेप दाखवतो.
त्या टेपकडं बघत राहतात, माझ्याकडं नाही.
मग तवाच का सांगितलं न्हाईसा?
चालत गेले असते की मी.

गाडी स्टँडवर. नवी काळी वायर, नवा स्विच.
मूठ पूर्ण पिळून ब्रेक दाबतो,
मोटर सोडून देते, चाक थांबतं.
पुन्हा. पुन्हा.
शेजारचा लेथवाला फरीद विचारतो, झालं न्हवं काम?
मी अजून एकदा दाबतो.

रात्री वही काढली.
‘तात्पुरतं’ लिहिलेल्या ओळी अकरा.
काही नावांपुढं फोन आहे, काहींपुढं नुसतं गाव:
उचगाव, वडणगे, एक शिये.
पहिला नंबर बाबालाल शिकलगार यांचा.
रिंग जाते.
गाडीवर असतील तर उचलू नयेत त्यांनी.
आणि गाडीवर नसावेत.
रिंग जाते आहे.